ऊन, वीज आणि वणवा : बालाघाटाच्या इतिहासाचे एक उपेक्षित पान

इतिहास म्हटला की राजांच्या स्वाऱ्या, तह आणि तख्तांची उलथापालथ एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या आकाशाखाली हे सर्व घडले, त्याची हकीकत मात्र आपण पंचांगकर्त्यांवर आणि शेतकऱ्यांवर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः अहमदपुरासारख्या गावाकडे पाहिले असता असे दिसते की, येथील कारभार कधी बीदरहून, कधी हैदराबादहून चालला. 1956 साली हा तालुका बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादेस जोडला गेला आणि 1982 साली नव्या लातूर जिल्ह्यात आला. परंतु वैशाखाचे ऊन, मृगाआधीचा वळीव आणि माळांवरील धूर यांचा अंमल यत्किंचितही ढळला नाही. त्या अंमलाचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

अहमदपूर बालाघाटाच्या पठारावर, उत्तरेस गोदावरी आणि दक्षिणेस मांजरा यांच्या दरम्यान वसले आहे. खाली काळा पाषाण, वर काळी माती. दोन्ही उन्हाने लवकर तापणारी. उन्हाळ्यात वायव्येकडचा कोरडा वारा आणि समुद्रावरून आत शिरलेली दमट हवा यांची गाठ दक्षिणेच्या या पठारावर पडते. दुपारपर्यंत तापलेली हवा वेगाने वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी ढगांचे मनोरे दहा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतात. त्यांच्या पोटात हिमकण आणि गारा एकमेकांवर आपटून वीज साठते. मग वावटळ उठते, आकाश मातकट होते आणि वळीव कोसळतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात याच ढगांनी मराठवाड्यातील उभी ज्वारी आणि गहू गारांखाली झोडपून काढला, हे वाचकांस स्मरत असेल.

या ऋतुमानाची दखल आपल्या पूर्वजांनी घेतली नव्हती असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या देशांच्या पर्जन्याची मापे दिली आहेत. त्यांत अश्मक देशाचे, म्हणजे सामान्यतः गोदेकाठच्या या प्रदेशाचे, माप अवंतीच्या मानाने पुष्कळच कमी सांगितले आहे. त्याच ग्रंथात ग्रीष्मात ग्रामस्थांनी घराबाहेर चूल मांडावी असा नियम असून कुरण, शेत, खळे किंवा अरण्य पेटविणाऱ्यास अग्नीनेच देहांत शासन सांगितले आहे. शासन क्रूर खरे. पण उन्हाळ्यातील ठिणगीचे भय त्या काळच्या राज्यकर्त्यास किती वाटत असे, याची साक्ष त्यावरून पटते. पुढे राष्ट्रकूटांच्या काळी अहमदपुराशेजारच्या कंधारास जगत्तुंगसमुद्र नावाचा तलाव बांधला गेला. तलावास समुद्र म्हणावे, यातच या मुलखाची तहान सांगून झाली! त्याच मुलखात 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले.

विजेची हकीकत अधिक चमत्कारिक आहे. बीदरास महमूद गावानाने 1472 च्या सुमारास बांधलेल्या सुप्रसिद्ध मदरशाचा मोठा भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या अमदानीत, उद्ध्वस्त झाला. कोणी म्हणतात त्यावर वीज पडली, कोणी म्हणतात आत साठविलेल्या दारूचा भडका उडाला. गावानाचा वध कोणी करविला, हे इतिहासाने चोख नोंदविले. पण त्याच्या विद्यामंदिराचा घात आकाशाने केला की माणसाने, याविषयी एकमत नाही. इतिहासकाराचे लक्ष कोठे असते, हे यावरून कळावे.

याच्या उलट शिवछत्रपतींचे उदाहरण घ्यावे. राज्याभिषेकापूर्वी चिपळूण भागातील लष्करास धाडलेल्या पत्रात त्यांनी उन्हाळ्यातील वैरणीविषयी बारीकसारीक ताकीद दिली आहे. चूल, तंबाखूची चिलीम, रात्रीचा दिवा, फार काय, उंदराने ओढून नेलेली जळती वात, यांपैकी कशानेही गवताची गंज पेटेल आणि मग घोडी मरतील, याचा विचार त्या पत्रात आहे. ज्यास राज्य उभारावयाचे होते, त्यास उन्हाळ्याचा वारा विसरून चालत नव्हते.

राजदरबाराबाहेर सामान्य जनांनी ऋतूशी केलेला करार घराच्या रूपाने उभा होता. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जाड माळवद. बाहेर आग पाखडत असता आत गारवा. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंतींनी आणि याच माळवदांनी हजारो माणसांना गाडले. त्यानंतर लोकांनी माळवदावरचा विश्वास सोडून पत्र्याचा आणि सिमेंटाचा आश्रय केला, यात त्यांचा दोष नाही. मात्र त्या पत्र्याखाली वैशाखाची दुपार काढणाऱ्या बाळंतिणीस आणि वृद्धांस काय सोसावे लागते, याचा हिशेब अद्याप कोणी मांडावयाचा आहे.

राहता राहिला धूर. उत्तरेस किनवट-माहूरच्या डोंगरांत सागाचे अरण्य आहे. तेथे वाळलेल्या पाल्यात उन्हाळी वणवे लागतात. लातूर जिल्ह्यात वन एक टक्क्याच्याही आत. म्हणून येथला वणवा माळाचा, बांधाचा आणि उसाच्या पाचटाचा. गवत जाळले म्हणजे नवे जोमाने फुटते, अशी समजूत आहे. तीत थोडे तथ्य असेलही. पण दरसाल जाळल्याने उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाबरोबर वाहून जाते, हे त्या समजुतीत येत नाही. बांधाची आग वाऱ्याने शेजाऱ्याच्या कडब्याच्या बनमीस लागली, तर वर्षभराची वैरण घटकेत राख होते.

या सर्वांत आम्हांस अधिक बोचते ती विजेच्या बळींची उपेक्षा. दुष्काळांस नावे मिळाली, युद्धांस सनावळ्या मिळाल्या. परंतु झाडाखाली उभा राहिलेला गुराखी, सुगीची रास झाकावयास धावलेली मजूर स्त्री, यांचा उल्लेख वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक दिवस येतो आणि लोपतो. ‘दैवाची गोष्ट’ म्हणून आपण निःश्वास टाकतो. ही सर्वस्वी दैवाची गोष्ट नव्हे. लखलखाट आणि गडगडाट यांमध्ये तीस सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज सुमारे दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे. एकाकी झाडाचा आसरा कदापि घेऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नामक साधन भ्रमणध्वनीवर उपलब्ध करून दिले असून ते जवळच्या विजेची आगाऊ सूचना देते. शास्त्राने आपले काम केले आहे. ते ज्ञान शिवारापर्यंत नेणे हे शिकलेल्या घरांचे काम आहे.

ज्या घरांत जमाखर्चाच्या वह्या पिढ्यानपिढ्या जपल्या जातात, तेथे पहिला वळीव कोणत्या दिवशी आला, कोणत्या शिवारात वीज पडली, कोण दगावले, कोणता माळ जळाला, एवढ्या चार ओळी दरसाल लिहिण्यास कितीसा वेळ लागतो? पन्नास वर्षांनी त्या ओळींचे मोल एखाद्या सनदेहून कमी ठरणार नाही. आणि ज्यांचे नाव आजवर कोणत्याही बखरीत आले नाही, त्यांची निदान एक नोंद तरी मागे राहील.