अर्जावरचा शेरा: एड रॉबर्ट्स आणि बर्कलेची गोष्ट

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आपण ते देतो. त्या लोकांत मीही आले, कारण मला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि उजव्याला मशीन आहे.

बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला मी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स, सगळं जोडलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू तर चांगली बोलतेस की गं. मग हे कशाला?" त्या वाईट नव्हत्या. पण त्या वर्षी अर्ज परत आला, आणि तो का आला हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

नंतर एड रॉबर्ट्सबद्दल वाचलं तेव्हा हीच खिडकी दुसऱ्या बाजूने दिसली. मला सांगितलं गेलं की तू पुरेशी अपंग नाहीस. त्याला सांगितलं होतं की तू फारच अपंग आहेस.

एडचा जन्म १९३९चा, कॅलिफोर्नियातला. १९५३ साली, चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं पडलं, हातापायांची मोजकी बोटं तेवढी हलायची. श्वासाचे स्नायूही गेले. त्यामुळे रात्री तो आयर्न लंगमध्ये झोपायचा. आयर्न लंग म्हणजे माणूस आडवा मावेल असं लोखंडी पिंप. डोकं बाहेर, बाकी अंग आत, आणि आतल्या हवेचा दाब कमी-जास्त करून मशीन छाती हलवतं.

शाळा त्याने बरीचशी घरून, फोनवरून केली. शेवटी शाळा म्हणाली, डिप्लोमा देता येत नाही, कारण व्यायामाचा आणि गाडी चालवायला शिकण्याचा तास याने पूर्ण केलेला नाही! त्याच्या आईने, झोना रॉबर्ट्सने, शाळेच्या मंडळाशी भांडून तो डिप्लोमा मिळवला.

पुढे सॅन मातेओच्या कॉलेजात जीन वर्थ नावाच्या सल्लागार बाईंनी त्याला बर्कलेला जायला सुचवलं. त्यासाठी पैसे हवेत म्हणून राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे अर्ज केला. खात्याने नकार दिला. कारण काय, तर हा मुलगा इतका अपंग आहे की कधीच नोकरी करू शकणार नाही.

आता इथे थांबून थोडं मागे जाऊ या, कारण हा नकार कुणा एका माणसाच्या खडूसपणातून आलेला नव्हता. तो नियमातूनच आला होता. अमेरिकेत अपंग नागरिकांच्या पुनर्वसनाचा कायदा १९२० साली आला, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीच्या योजनेच्या पाठोपाठ. हेतू असा की माणसाला कामाला लावायचं, म्हणजे तो कमावेल आणि सरकारचा पैसा वसूल होईल. त्यामुळे अर्ज तपासणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा होता: हा कमावणार का? आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये एकच अट लिहिलेली होती. शिकल्यावर माणूस काय होऊ शकेल, हे त्या अटीत कुठे बसतच नव्हतं. आणि ज्याला मदतीची गरज सगळ्यात जास्त, तोच सगळ्यात आधी बाद होत होता.

कॉलेजच्या मंडळींनी एडची बाजू लावून धरली, प्रकरण वर्तमानपत्रात गेलं, आणि खात्याने निर्णय फिरवला. १९६२ साली एड बर्कलेला दाखल झाला. पण वसतिगृहात आयर्न लंग कुठे ठेवणार? म्हणून त्याची सोय विद्यापीठाच्या काउएल हॉस्पिटलात झाली. पुढच्या वर्षी जॉन हेसलर आला, मग आणखी काही जण. या मुलांनी स्वतःला नाव दिलं, 'रोलिंग क्वाड्स'.

साठच्या दशकाच्या शेवटी खात्याच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्यापैकी दोघांचे पैसे बंद करायचं ठरवलं, अभ्यासात प्रगती नाही म्हणून. खरं सांगा, एखादं सेमिस्टर आपल्यापैकी कुणाचं गेलेलं नाही? पण इथे पैसे बंद म्हणजे हॉस्पिटलातली खोली बंद आणि थेट घरी परत. मुलं एकत्र आली, पुन्हा पेपरवाल्यांकडे गेली, आणि तो निर्णय मागे घ्यायला लावला. पैसे देणाऱ्याच्या मर्जीवर आपलं सगळं आयुष्य टांगलेलं आहे, हे त्यांना तेव्हा पक्कं कळलं असावं.

मग त्यांनी स्वतःच योजना लिहिली. केंद्र सरकारच्या शिक्षणाच्या अनुदानातून १९७० साली बर्कलेत अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला आणि हेसलर त्याचा प्रमुख झाला. मदतनिसांची यादी, व्हीलचेअरची दुरुस्ती, राहायला घर शोधणं, सरकारी मदतीची कागदपत्रं, अशी कामं तिथे व्हायची. करणारे बरेचसे लोक स्वतः अपंग होते. हीच कामं विद्यापीठाबाहेरच्या लोकांनाही हवी होती, म्हणून १९७२ साली 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभं राहिलं.

१९७३च्या नव्या पुनर्वसन कायद्याने जास्त अपंगत्व असलेल्यांना प्राधान्य दिलं. त्याच कायद्याच्या कलम ५०४ने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना भेदभावाची मनाई केली. नियम मात्र निघेनात. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंग माणसं जवळजवळ चार आठवडे ठाण मांडून बसली, तेव्हा त्यावर सही झाली.

आणि एड? १९७५ साली गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्याला कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचा संचालक नेमलं. हो, त्याच खात्याचा. 'कधीच नोकरी करू शकणार नाही' असं ज्याच्याबद्दल ठरवलं होतं, तोच आता त्या खात्याच्या फायलींवर सही करत होता.

एड १९९५च्या मार्चमध्ये गेला. त्याच वर्षी भारतात अपंग व्यक्तींचा कायदा आला, सरकारी शिक्षणसंस्थांत ३ टक्के राखीव जागा देणारा. २०१६च्या कायद्याने उच्च शिक्षणात त्या किमान ५ टक्के केल्या, आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. आपल्याकडची अट 'कमावणार का' अशी नाही, '४० टक्के आहे का' अशी आहे. ही अट नक्कीच बरी. पण आकड्याच्या अलीकडे-पलीकडे माणसं उभी असतात, आणि खिडकीवरची नजर अजूनही तोंडाकडे बघून ठरवते.

पुढच्या वर्षी माझा अर्ज मंजूर झाला. फरक एवढाच की त्या वेळी एक सीनियर दादा शेजारी बसला होता. त्याने आदल्या वर्षी तोच अर्ज भरला होता, कुठल्या कागदावर कुठला शिक्का लागतो हे त्याला पाठ होतं. बर्कलेच्या त्या ऑफिसात हेच तर चालायचं.

आता दर वर्षी अर्ज सुटले की कॉलेजच्या ज्युनियर मुलांसाठी मी एक रविवार मोकळा ठेवते. तुम्हीही असा अर्ज भरला असेल, मंजूर झालेला असो की परत आलेला, तर त्याची फाईल फेकू नका. शेजारच्या कुणाला तरी ती लागणार आहे.

भेटू पुढच्या भागात.