राळेची घडण आणि अवरक्त वर्णपट

वर्सोव्याच्या कोळीवाड्यासमोर नांगरलेल्या होड्यांमागे राळेचा दुहेरी इतिहास आहे. लाकडी होडीच्या सांध्यांत कापूस ठासून त्यावर राळ व तेल यांचा लेप देण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर जुनी होय. संस्कृत ‘राल’ म्हणजे शालवृक्षाचा निर्यास. मराठीत तो ‘राळ’ झाला. पुढे काचतंतूंच्या होड्या आल्या आणि तोच शब्द कारखान्यात घडविलेल्या पदार्थासही लागू झाला. अशा होड्यांच्या बांधणीत बहुधा पॉलिएस्टर राळ वापरतात. जोडकामास व संरक्षक लेपास इपॉक्सी राळ लागते. झाडाची राळ आयती मिळते. ही मात्र घडवावी लागते. तिची घडण अपुरी राहिली तर सांधा समुद्रावर दगा देतो.

इपॉक्सीचा उगम दंतवैद्यकाच्या साहित्यात आहे. झुरिच येथे कवळीसाठी योग्य पदार्थ शोधताना पिएर कास्ताँ यांनी 1938 साली या राळेच्या पेटंटासाठी अर्ज केला. ते हक्क सीबा कंपनीने घेतले व 1946 साली बाझेलच्या प्रदर्शनात ‘अ‍ॅराल्डाइट’ मांडले. बिसफिनॉल-ए व एपिक्लोरोहायड्रिन यांच्या संयोगानंतर दाहक सोड्याच्या योगाने दोन कार्बन व एक ऑक्सिजन यांचे ताणलेले त्रिकोणी वलय तयार होते. या वलयांची मोजणी प्रथम अनुमापनाने करीत. परंतु उत्तर हाती येईपर्यंत भांड्यातील क्रिया पुढे सरकलेली असे.

ही अडचण अवरक्त वर्णपटाने दूर केली. विल्यम हर्शेल यांना 1800 साली आढळलेल्या या किरणांनी रेणू ओळखता येतात, हे कोब्लेंट्झ यांच्या 1905 च्या वर्णपटसंग्रहाने दाखविले. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबराच्या निकडीमुळे त्याची उपकरणे कारखान्यांत पोहोचली. इपॉक्सी वलयाचा पट्टा सुमारे 915 प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येवर दिसतो. साखळी लांबत जाते तसा तो क्षीण होतो व 3,400 च्या आसपास हायड्रॉक्सिलचा पट्टा वाढतो. तथापि नमुन्याचा थर जाड असला तर प्रत्येक पट्टा मोठा दिसतो. म्हणून क्रियेत न बदलणाऱ्या बेंझिन वलयाच्या 1,510 जवळच्या पट्ट्याशी त्याचे गुणोत्तर काढतात. उरलेले एपिक्लोरोहायड्रिनही आधी काढावे लागते, कारण त्यातही तेच त्रिकोणी वलय असते.

याच सीबा कंपनीचे संशोधनकेंद्र 1963 साली वर्सोव्यापासून जवळच, गोरेगाव येथे सुरू झाले. टी. आर. गोविंदाचारी यांच्या नेतृत्वाखाली तेथे वनस्पतिज द्रव्यांच्या रचनेचे संशोधन झाले. अशा संशोधनातही अवरक्त वर्णपटाची पद्धती तीच असते. बदल मोजावयाचा तर न बदलणारे काही तरी हाताशी असावे लागते. शब्दांच्या इतिहासातही हाच नियम आहे: ‘राल’ची ‘राळ’ झाली हे कळते, ते उरलेले वर्ण स्थिर राहिले म्हणूनच.