ब्रूटसचे नाणे

नाणे हे विनिमयाचे साधन खरे. परंतु प्राचीन रोममध्ये ते राजकारणाचेही साधन होते. सत्ताधाऱ्यांस जे सांगावयाचे असे, ते ‘दिनारिअस’ या चांदीच्या नाण्यावरून हातोहात सर्वत्र जाई. इ. स. पूर्व २११ च्या सुमारास निघालेले हे नाणे प्रथम कांस्याच्या दहा नाण्यांच्या मोलाचे होते. त्यावरूनच त्यास हे नाव मिळाले. आरंभी त्याच्या एका बाजूस रोमा देवीचे शिरस्त्राणधारी मस्तक असे व दुसऱ्या बाजूस अश्वारूढ जुळे देव, रोमन लोकांचे जणू अश्विनीकुमारच. जिवंत माणसाची मुद्रा मात्र रोमच्या टांकसाळीतून कधी निघत नसे. तो मान देवांचा व दिवंगत पूर्वजांचा.

हा संकेत इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने मोडला. ‘आजीव डिक्टेटर’ या बिरुदासह त्याचे मस्तक नाण्यांवर झळकले आणि थोड्याच दिवसांत, १५ मार्च रोजी, त्याचा वध झाला.

वध करणाऱ्यांत अग्रणी होता मार्कस ब्रूटस. टांकसाळीचा अधिकारी असताना, इ. स. पूर्व ५४ मध्ये, त्याने स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक व राजसत्ता उलथणाऱ्या आपल्या पूर्वजाचे चित्र नाण्यांवर काढविले होते. पुढे रोम सोडून पूर्वेकडे सैन्य जमविताना त्याने एक दिनारिअस पाडला. त्यावर दोन खंजीर आहेत व मधोमध टोपी. ही टोपी दास्यमुक्त झालेल्या गुलामाची. खाली वधाच्या तिथीची अक्षरे. अर्थ उघड आहे: या शस्त्रांनी आम्ही रोमला दास्यातून सोडविले. डायो कॅशिअस या इतिहासकारानेही या नाण्याची नोंद केली आहे.

पण नाणे उलटून पाहिले की आम्ही स्तब्ध होतो. तेथे देवता नाही, पूर्वजही नाही. तेथे ‘इम्परेटर’ या पदवीसह खुद्द ब्रूटसचे मस्तक आहे! सैनिकांस वेतन द्यावयाचे तर त्यांस आपला धनी ओळखता यावा, ही त्याची निकड आम्ही समजू शकतो. तथापि प्रजासत्ताकाच्या रक्षणार्थ उभ्या ठाकलेल्या या पुरुषानेच प्रजासत्ताकाचा रिवाज सोडावा, यात त्या काळाची सारी शोकांतिका आली. इ. स. पूर्व ४२ च्या ऑक्टोबरात फिलिपीच्या रणात पराभूत होऊन त्याने आत्महत्या केली. पुढे सम्राटांचे युग आले. नाण्यावरची मुक्तीची टोपी त्यांच्यापैकी काहींनीच उचलली. स्वमुखाची मुद्रा मात्र त्यांनी आवर्जून उचलली.