इस्लाह : उस्तादाच्या लेखणीखालची कविता

उर्दू काव्यपरंपरेतील 'इस्लाह' या शब्दाचा अर्थ दुरुस्ती. पण ही संपादकाची दुरुस्ती नव्हे, समीक्षकाची तर नव्हेच. गझल मुशायऱ्यात म्हणण्यापूर्वी शागीर्दाने ती उस्तादापुढे ठेवायची आणि उस्तादाने लेखणी हाती घ्यायची, असा हा व्यवहार होता. त्यातून कवी घडले, की उस्तादांच्या नुसत्या प्रतिकृती तयार झाल्या, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

इस्लाहची रीत ठरलेली होती. आवडलेल्या शेरावर उस्ताद 'साद' या अक्षराची खूण करी, टाकाऊ शेरावर रेघ मारी. उरलेल्यांत एखादा शब्द बदले किंवा शब्दांचा क्रम फिरवी. वृत्त चुकले आहे का, काफिया नीट जुळतो का, शब्दप्रयोग बोलीला धरून आहे का, शेराच्या दोन ओळींचा परस्परांशी सांधा बसतो का, एवढेच तो पाहत असे. शागीर्दाला काय वाटावे, हे सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता. या मर्यादेतच इस्लाहचे बळ आहे, असे माझे मत आहे.

गालिबची पत्रे हा या व्यवहाराचा उत्तम पुरावा. 1854 मध्ये जौकच्या निधनानंतर तो बहादुरशाह जफरचा उस्ताद झाला. रामपूरचे नवाब युसुफ अली खान हेही त्याचे शागीर्द. 1859 पासून त्यांच्याकडून त्याला दरमहा 100 रुपये मिळत. अन्नदात्याची कविता दुरुस्त करताना लेखणी जपूनच चालणार. म्हणून मला अधिक मोलाचा वाटतो तो मुन्शी हरगोपाल तफ्ता यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. सिकंदराबादचे तफ्ता फारसीत लिहीत. गालिब त्यांना लाडाने 'मिर्झा तफ्ता' म्हणे, पण चूक दिसली की सोडत नसे. शब्द का बदलला, तेही तो सांगे. पूर्वसूरींचा दाखला पुढे आला, तर जुन्यांनी लिहिले ते सारे बरोबरच असे धरू नये, मूर्ख माणसे त्याही काळी जन्मत होतीच, असे तो बजावी. कारण कळले की शागीर्दाला पुढचा शेर स्वतः तपासता येतो. नुसता बदललेला शब्द हाती आला, तर तो कायम परावलंबी राहतो.

खुद्द गालिबला उस्ताद होता का? अब्दुस्समद नावाच्या इराणी गुरूचा तो उल्लेख करी. पण लोक आपल्याला 'बे-उस्ताद' म्हणत, त्यांची तोंडे बंद करण्यासाठी हे नाव रचले, असेही तो म्हणे, अशी नोंद त्याचा शिष्य हाली याने 'यादगार-ए-गालिब'मध्ये (1897) केली आहे. गुरूवाचून कवीला पत नव्हती, एवढा या प्रथेचा दाब होता.

प्रथेचा दुबळेपणाही पुढे उघड झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शौक संदेलवी यांनी आपल्या त्याच गझला अनेक उस्तादांकडे पाठवल्या आणि आलेल्या दुरुस्त्या 'इस्लाह-ए-सुखन' या पुस्तकात एकत्र छापल्या. उस्तादांचे एकमत नव्हते. नियम सर्वांचे एक असले, तरी कान ज्याचा त्याचा होता.

मग चांगला उस्ताद कसा ओळखावा? मला दाग देहलवी आठवतो. तो हैदराबादेत निजामाचा उस्ताद होता आणि दूर पंजाबातून तरुण इक्बाल त्याला टपालाने गझला पाठवी. थोड्याच काळात दागने त्याला कळवले, की आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. पुढे इक्बालची कविता दागच्या शैलीपासून कितीतरी दूर गेली, आणि तरीही 1905 मध्ये दाग गेला तेव्हा इक्बालने त्याच्यावर शोककाव्य लिहिले.

मराठीत हा धागा सुरेश भटांनी उचलला. 'गझलेची बाराखडी' ते नवोदितांना पाठवत, पत्रांतून त्यांच्या रचना तपासत. आज नवकवीला 'छान' म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोष कारणासह दाखवणारा आणि वेळ येताच लेखणी खाली ठेवणारा मात्र क्वचित भेटतो. इस्लाहच्या इतिहासातून घेण्यासारखे असेल, तर ते हेच.