खिळे विकावे कीं सांचे द्यावे?

एखाद्या कंपनीनें स्वतःच्या खर्चानें संगणकास आज्ञा देण्याची भाषा, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा, तयार केली, तर तिची मूळ संहिता सर्वांस खुली करावी काय, हा वाद आजकाल ऐकूं येतो. त्याचा विचार करतांना मराठी मुद्रणाचा इतिहास उपयोगी पडतो.

जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं मुंबईस खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या अक्षरांचे खिळे इतके रेखीव असत, कीं दूरदूरचे छापखाने ते विकत घेत. जोडाक्षरें व काना-मात्रा धरून देवनागरीस शेंकडों खिळे लागत, आणि प्रत्येकाचें मूळ अक्षर पोलादावर हातानें कोरावें लागे. तेव्हां खिळे विकावे व सांचे घरांत ठेवावे, हा ओतकामाचा शिरस्ता नुसता लोभाचा नव्हता. तें श्रमाचें मोल होतें. शिवाय त्यांत वाचकाचें कांहीं अडत नसे. छापलेलें पान कोणीहि वाचावें. त्यास खिळ्यांची गरज नव्हती.

संगणकावर मात्र हा भेद उरला नाहीं. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. पण ती रूढ होईपर्यंत मराठी फॉन्ट विकणाऱ्या कंपन्या आपापल्या अक्षरांना निरनिराळे क्रमांक देत. एका फॉन्टमध्यें लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होई. लेख लेखकाचा, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशांत!

प्रोग्रामिंगच्या भाषेचें असेंच आहे. तिच्यांत हजारों लोक आपलें काम लिहितात. कंपनी बुडाली किंवा तिचें मन फिरलें, तर त्या कामाचें काय?

विरोधक विचारतील, फुकट दिल्यावर कंपनीनें जगावें कशावर? प्रश्न रास्त आहे. सन कंपनीनें १९९५ सालीं जावा ही भाषा प्रसिद्ध केली, २००६ पासून तिची संहिता खुली करावयास आरंभ केला, आणि २०१० सालीं ती कंपनी ओरॅकलनें विकत घेतली. खुलेपणानें कंपनी वांचली नाहीं, हें खरें. पण भाषा वांचली, कारण तिची संहिता अनेकांच्या हातीं होती. ॲपलनें २०१५ सालीं स्विफ्ट भाषा खुली केली. आपलीं यंत्रें मात्र ती पैसे घेऊनच विकते. म्हणजे भाषा देऊन टाकली तरी धंदा राहूं शकतो.

म्हणून माझें मत असें, कीं ज्या वस्तूवर दुसऱ्यांचें लेखन उभें राहातें, ती खुली असावी. तिच्या आधारें केलेल्या मालाचें मोल कंपनीनें खुशाल घ्यावें. असें झालें, तर उचगांवच्या शाळेंतला मुलगाहि ती संहिता उघडून पाहील, तींतलें एखादें वैगुण्य दाखवील, कदाचित् दुरुस्तहि करील. खिळे विकत घेणाऱ्या छापखान्यास ही संधि कधींच मिळाली नव्हती.