पहारेकरी, न्यायाधीश आणि ‘मी’

फ्रॉइड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक सोपं चित्र उभं राहतं. खाली वासना, वर सदसद्विवेकबुद्धी, आणि मधे सापडलेला माणूस. वासना वाईट, विवेक चांगला. हे चित्र फ्रॉइडच्या फार आधीचं आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये दोन घोड्यांचा रथ आहे. कठोपनिषदात इंद्रियं घोडे आहेत आणि बुद्धी सारथी. तिथे दोष निघतो तो घोड्यांचा, नाहीतर सारथ्याच्या दुबळेपणाचा. सारथ्याचा कठोरपणा हाच आजार असू शकेल, असं कुणी म्हणत नाही. फ्रॉइडनं चौकशी सुरू केली ती लगाम धरणाऱ्याची. ती टप्प्याटप्प्यानं कशी पुढे गेली, ते आपण पाहू.

१९०० सालच्या स्वप्नांवरील ग्रंथात त्याच्यापाशी फक्त एक पहारेकरी आहे. नको असलेली इच्छा जाणिवेच्या दाराशी येते, हा तिला अडवतो, मग ती वेषांतर करून स्वप्नात शिरते. हा पहारेकरी अडवतो, पण शिक्षा करत नाही.

न्यायाधीश दिसला तो विषण्ण रुग्णांमध्ये. ‘शोक आणि विषण्णता’ हा निबंध १९१५ मध्ये लिहिला गेला आणि १९१७ मध्ये छापून आला. असा रुग्ण स्वतःला सारखा दोष देतो : मी नालायक, मी पापी. फ्रॉइडनं हे आरोप नीट ऐकले, तेव्हा त्याला जाणवलं की ते रुग्णाला फारसे लागूच पडत नाहीत. ते लागू पडतात त्याच्या एखाद्या जिवलगाला! म्हणजे बघा, दुसऱ्यावरचा राग माघारी फिरून स्वतःवर कोसळला आहे, आणि मनाचाच एक भाग दुसऱ्या भागाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आहे.

योगायोग असा, की १९१५ मध्येच टिळकांचं ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झालं. सदसद्विवेक ही मनात बसलेली एक स्वतंत्र देवता आहे, हे मत टिळकांनीही त्यात नाकारलं आहे. पण त्यांचा रस्ता बुद्धीच्या शुद्धीकडे गेला, फ्रॉइडचा बालपणाकडे.

१९२३ मध्ये फ्रॉइडनं या न्यायाधीशाला नाव दिलं. इड, इगो, सुपरइगो हे लॅटिन शब्द इंग्रजी भाषांतरकारांचे. त्यांवरून आपल्या पाठ्यपुस्तकांत इदम्, अहम्, पराहम् आले. फ्रॉइडचे जर्मन शब्द अगदी घरगुती होते : ‘ते’, ‘मी’ आणि ‘वरचा मी’. आईवडिलांचा धाक मूल आत घेतं, आणि तो आतूनच बोलू लागतो.

मग प्रेमळ आईबापांच्या पोटीसुद्धा स्वतःला छळणारी मुलं का निपजतात? १९३० च्या संस्कृतीवरील ग्रंथात याचं उत्तर आहे. मुलाला मोठ्यांचा राग येतो, पण तो त्यांच्यावर काढता येत नाही. तोच राग ‘वरच्या मी’च्या हाती पडतो. म्हणजे विवेकाच्या हातातला चाबूक वासनेच्याच कातड्याचा! शिवाय बाहेरच्या पोलिसापासून इच्छा लपवता येते, याच्यापासून नाही. इच्छा दाबली तरी तिच्याबद्दल शिक्षा होतेच. म्हणून माणूस जितका सदाचारी, तितका तो जास्त पोळतो. दुर्जन मात्र निवांत झोपतो.

याचा अर्थ फ्रॉइड स्वैराचार शिकवतो असा काढू नये. संयमाशिवाय संस्कृती उभी राहत नाही, हे तोच सांगतो. पण उपचार करताना या न्यायाधीशाशी झगडून त्याच्या मागण्या कमी कराव्या लागतात, असंही तो स्पष्ट लिहितो.

तत्त्वज्ञानाच्या बाजूनं आमचा एक आक्षेप राहतोच. विवेक हा जर निव्वळ आईबापांचा आवाज असेल, तर आईबापांचीच रूढी अन्यायाची आहे असं सांगणारा आवाज कुठून येतो? अस्पृश्यता पाळणाऱ्या घरातला मुलगा ती मोडतो, तेव्हा त्याचा ‘वरचा मी’ त्याला टोचतच असतो. टोचणी सोसून तो योग्य तेच करतो. इथे निवाडा ‘मी’नं केला, विचार करून केला.

म्हणून फ्रॉइडकडून आपण एवढं घ्यावं : टोचणी लागली म्हणजे अपराध घडलाच असं नाही, आणि टोचणी नाही म्हणजे हात स्वच्छ, असंही नाही. आतल्या न्यायाधीशाचं ऐकावं जरूर, पण त्याचा निकाल विचाराच्या कोर्टात पुन्हा तपासून घ्यावा.