रिंग लाइटचे आजोळ

रिंग लाइट म्हणजे गोल कड्यावर ओळीने बसवलेले बारीक एलईडी, वर दुधी प्लास्टिकचे आवरण आणि मधल्या पोकळीत मोबाइल पकडणारा चिमटा. दहा इंची कडे साधारण पाच व्होल्ट, दोन अँपियरच्या यूएसबीवर चालते, म्हणजे भार जेमतेम दहा वॅट. लाइन गेली तरी बऱ्यापैकी पॉवर बँकेवर दोन-अडीच तास निघतात, आणि वऱ्हाडात हा गुण किमतीइतकाच मोलाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली. शिकवणी, कीर्तन, लग्न सगळेच मोबाइलच्या पडद्यावर गेले, आणि आधी ब्युटी पार्लरपुरते असलेले हे कडे घराघरांत पोचले.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारे लोक होते. व्हिडिओ कॅसेटच्या काळात त्यांच्या जागी हॅलोजन धरणारा पोऱ्या आला. हजार वॅटचा तो दिवा मे महिन्यात अकोल्याच्या मांडवात नवरा-नवरीच्या तोंडासमोर धरला जाई, आणि अल्बममधले घामेजलेले चेहरे निम्मे त्याच्याच कृपेचे. मग निळा एलईडी आला. १९९० च्या दशकात त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवला गेला. निळ्या एलईडीबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. स्वस्त उजेडाचा प्रश्न तिथे सुटला. पण दिव्याला गोल आकार का, आणि मधे भोक का, याचे उत्तर एलईडीत नाही.

सर्वमान्य उत्तर दंतवैद्यकातले आहे. १९५२ मध्ये लेस्टर डाइन यांनी दातांची छायाचित्रे काढण्यासाठी भिंगाभोवती बसणारा गोल फ्लॅश तयार केला. अडचण साधी होती. तोंड ही अंधारी गुहा. बाजूने उजेड टाकला की ओठ आणि गाल आडवे येतात आणि दाढेवर सावली पडते. भिंग जिथून पाहते तिथूनच चहूबाजूंनी उजेड आला तर सावली दाताच्या थेट मागे जाते आणि कॅमेऱ्याला दिसतच नाही. दातांच्या छायाचित्रणात हा गोल फ्लॅश आजही वापरला जातो.

मात्र डाइन यांनाही मूळपुरुष म्हणणे घाईचे ठरेल. कानाच्या डॉक्टरांच्या कपाळावरचा भोकाचा आरसा त्यांच्याहून शंभरेक वर्षांनी जुना आहे. जर्मन वैद्य हॉफमन यांनी १८४१ मध्ये मधोमध छिद्र असलेला अंतर्वक्र आरसा कान तपासायला वापरला आणि १८५५ मध्ये ट्रोल्च यांनी तो रूढ केला. दिव्याचा उजेड आरशावरून कानात जातो आणि डॉक्टरचा डोळा त्याच वाटेने, भोकातून, आत पाहतो. भोकाच्या जागी मोबाइल आणि आरशाच्या जागी एलईडी ठेवले की रिंग लाइट तयार. आकारावरून कूळ ठरवायचे असेल तर हे कडे निःसंशय वैद्याच्या घरचे.

पण कूळ नुसत्या आकारावरून का ठरवावे? वैद्याला दडलेले दाखवायचे असते. अमरावतीतली मेकअप करणारी मुलगी किंवा अकोल्यातला शिकवणीचा मास्तर यांना मात्र दिसणारे दडवायचे असते: मुरुमाचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, रात्रीचे जागरण. या कामाचा माग काढत गेले की वाट वेगळ्याच घरी पोचते, आणि ते घर मुंबईचे निघते.

हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिचा जन्म १९११ चा, मुंबईतला. नंतर कुटुंब कलकत्त्याला गेले आणि तिथून ती इंग्लंडला. अँग्लो-इंडियन मूळ कळले तर नायिकेच्या भूमिका मिळणार नाहीत, म्हणून जन्म टास्मानियाचा असल्याची कथा रचली गेली, आणि जवळजवळ आयुष्यभर तिने ती निभावली. १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. ‘द लॉजर’ या १९४४ च्या चित्रपटाच्या वेळी छायालेखक ल्यूशन बॅलर्ड याने कॅमेऱ्याच्या भिंगाला खेटून एक छोटा दिवा बसवला. समोरून, नजरेच्याच रेषेत आलेल्या उजेडाने व्रणांच्या कडांची सावली पुसली गेली आणि चेहरा नितळ दिसू लागला. ओबेरॉनवरून त्या दिव्याला ‘ओबी’ म्हणू लागले. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केले. वऱ्हाडात लग्नाच्या व्हिडिओला दिवा लागतो. इथे दिव्याने लग्न लावले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की ओबी गोल नव्हता, भिंगाजवळचा साधा पेटीवजा दिवा होता. हे खरे आहे. पण त्वचा गुळगुळीत दिसते ती उजेड भिंगाच्या रेषेत असल्यामुळे. कड्यामुळे तो चारी बाजूंनी सारखा येतो, इतकेच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: कॅमेऱ्याजवळ दिवा ठेवणारा बॅलर्ड हा पहिला नव्हे. असेना. त्याआधीचे दिवे मुख्यतः डोळ्यांत चमक आणण्यासाठी किंवा समोरचा अंधार भरून काढण्यासाठी होते. व्रण लपवणे हेच मुख्य काम घेऊन नाव कमावले ते ओबीने. मधला दुवा बहुधा फॅशनच्या छायाचित्रकारांचा असावा: दंतवैद्याचा गोल फ्लॅश त्यांनी उचलला आणि त्याच्याकडून ओबीचे काम करून घेतले. तेव्हा बाप दवाखान्यातला, आई स्टुडिओतली आणि आजोळ मुंबईचे, अशी या कड्याची वंशावळ मांडण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

या दुहेरी रक्ताच्या खुणा वापरात दिसतात. दवाखान्याचा वारसा म्हणजे जवळचे अंतर. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दोन फुटांवर चेहरा उजळणारे कडे आठ फुटांवर सोळाव्या हिश्शाइतकाच उजेड देते. म्हणून उभ्या कीर्तनकारासमोर ते लावून उपयोग नसतो. तिथे पांढऱ्या भिंतीवर किंवा थर्माकोलच्या शीटवर मारलेला मोठा दिवा बरा. घरी कडे करणारे प्लायवूडचा गोल कापून त्यावर बारा व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवतात आणि वरून बटर पेपर लावतात. मात्र पट्टीचा गोल चेहऱ्याहून लहान झाला तर मऊपणा जातो.

ओबीचा वारसा म्हणजे सपाटपणा. सावली गेली की सुरकुती जाते, पण नाकाचा उठावही जातो, म्हणून जाणकार एका बाजूच्या खिडकीचा पडदा उघडा ठेवतात. डोळ्यांच्या बाहुलीत मात्र पांढरे वर्तुळ उमटतेच. कुठलाही व्हिडिओ थांबवून पाहिला की दिवा कोणता होता ते कळते. चष्मेवाल्यांच्या काचांवर तर दोन कडी लखलखतात. त्यावर उपाय एकच, कडे डोक्याच्या वर नेऊन खाली झुकवायचे. तसे केले की उजेड भिंगाच्या रेषेतून सुटतो, काचा स्वच्छ होतात आणि सुरकुत्या परत येतात.